देवाला सोडलेला कोंबडा

मोतीरामचा जीव एका कोंबड्यात अडकला होता आणि तो कोंबडा सर्दीने खरखरत होता. गोष्ट हसण्यासारखीच होती, पण हसायची कुणाची छाती नव्हती. मोतीरामच्या हातात काठी फार पटकन यायची.

झालं असं होतं. मागच्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. खामगावच्या दवाखान्यात अकरा दिवस नाकाला नळी लावून पडला होता. तिकडे डॉक्टर झटत होते आणि इकडे त्याच्या बायकोने, दीपमालाने, म्हसोबाला बोलून ठेवलं की यांचा श्वास परत आला तर पायात लाल दोरा बांधून कोंबडा सोडीन आणि पुढच्या जत्रेत तुला देईन. श्वास आला, कोंबडा सुटला. देवाच्या नावाने सोडलेल्या कोंबड्याला कुणी हाकलत नाही, बांधत नाही, डालग्याखाली झाकत नाही. ज्याच्या अंगणात शिरेल त्याने मूठभर ज्वारी टाकायची. जत्रेआधी तो मेला तर आपला श्वास गेलाच, असं मोतीराम मनाशी धरून बसला होता. रात्री उठून तो कोंबडा कुठे बसलाय ते बघून यायचा. असला लाड त्याने पोटच्या लेकरांचाही केला नव्हता.

कोंबड्याचं सगळ्यात आवडतं अंगण म्हणजे रुखमाबाईचं. ही मोतीरामची थोरली वहिनी. नवरा गेल्यापासून दोन खोल्यांत एकटी राहायची. मधे कमरेएवढी भिंत, पलीकडे मोतीराम. तिच्याकडे नऊ गावरान कोंबड्या होत्या. त्या नसत्या तर त्या घरात दिवसभर एक शब्द उमटला नसता. ती त्यांच्याशी बोलायची, त्यांच्यावर चिडायची, त्यांची माफीही मागायची.

पौषात कोंबड्याचं तोंड सुजलं, एक डोळा मिटला, नाकातून घाण वासाचा शेंबूड गळायला लागला. आठ-दहा दिवसांत सूज उतरली आणि गडी पुन्हा ऐटीत फिरू लागला. फक्त आरवताना गळा खरखरायचा. मग रुखमाबाईच्या दोन कोंबड्या शिंकायला लागल्या.

तिने एकीला पिशवीत घातलं आणि पिंपळगाव राजा इथल्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईने नाक दाबून पाहिलं, पाण्यात घालायच्या पुड्या दिल्या आणि बजावून सांगितलं. आजारी वेगळ्या ठेवा, चांगल्या वेगळ्या. दोन्हींच्या पाण्याची भांडी वेगळी. औषधाचं पाणी रोज नवं करायचं. खुराड्यातला ओला भुसा काढून चुना मारायचा. आणि बाहेरचं पाखरू आत येऊ द्यायचं नाही, कारण बरं झालेलं दिसतं तेही हा रोग पसरवत हिंडतं. रुखमाबाईला लिहिता येत नव्हतं. सगळं विसरू नये म्हणून ती जीपमध्ये बसून पुटपुटत आली आणि शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारी जप करतेय.

तिने सगळं केलं. पण रोज सकाळी तो कोंबडा भिंतीवरून टुणकन उतरायचा, चांगल्या कोंबड्यांच्या पाण्यात चोच बुडवायचा आणि डोकं झटकायचा. शेंबडाचे शिंतोडे उडायचे. एकदा तिने चप्पल फेकली, तर अख्ख्या गल्लीने तोंडाला पदर लावला. औषध सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी शिंकणाऱ्या दोघींतली काबरी मेली. चोच उघडी टाकून, मान लांब करून, एकेका श्वासासाठी झगडत मेली. चौथ्या दिवशी दुसरी गेली.

रुखमाबाई भिंतीशी गेली. मोतीराम दात घासत होता.

"भाऊजी, थो कोंबडा बांधा. माह्या कोंबड्या मरून राह्यल्या त्याच्यापायी."

"देवाले सोडलेल्याले बांधतेत काय वयनी? अन् काऊन बांधू? तो तं चांगला हिंडून राह्यला."

तिने डॉक्टरीणबाईचं सगळं सांगून पाहिलं. तो चूळ भरून तिच्याच बाजूला थुंकला. त्या थुंकण्याने तिचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी कोंबडा उतरताच तिने त्याच्यावर डालगं टाकलं आणि वर पाटा ठेवला.

घटकाभरात मोतीराम भिंत ओलांडून आला. आधी त्याने पाटा लाथेने उडवला. कोंबडा फडफडत सुटला. मग त्याने खुराड्याला खांदा लावून ते आडवं पाडलं. आत मधे फळी घालून वेगळ्या केलेल्या सात कोंबड्या होत्या, त्यांच्यातली एक फळीखाली चिरडली, बाकीच्या आजारी-चांगल्या एकत्रच अंगणभर उधळल्या. औषधाच्या पाण्याची भांडी त्याने एकेक करून भिंतीवर फोडली. शिंकणारी लाल कोंबडी पायात आली. ती त्याने पायांना धरून उचलली.

"हेच बिमार हाय ना? घे."

आणि तिला खांबावर आपटलं. एकदाच, पण पुरलं. रुखमाबाई अंगावर धावून गेली. तिने त्याच्या दंडाचा कडाडून चावा घेतला, रक्त तोंडात आलं तरी सोडलं नाही. तेव्हा त्याने काठी घातली. आईसारख्या वहिनीवर, ज्या हाताने तिने त्याच्या लग्नात त्याला हळद लावली होती त्याच उजव्या हातावर. मनगट काडकन वाजलं. दीपमाला भिंतीपलीकडे उभी होती, तिने डोळे मिटून घेतले.

रुखमाबाई खाली बसली. हात मांडीत लोंबत होता. समोर फुटक्या भांड्यात थोडं औषधाचं पाणी उरलं होतं आणि तो लाल दोऱ्याचा पाहुणा, इतकं रामायण घडल्यावरही, तिथे येऊन चोच बुडवत होता.

तिने डाव्या हाताने त्याचा पाय ओढला, खाली दाबला, पंखांवर गुडघा रोवला. ओसरीच्या कडेला गवताचा विळा पडला होता. मोतीरामला काय होतंय ते कळलं तोवर विळा मानेवर होता.

"वयनी, नोको. वयनी, माहा श्वास हाय तो."

डाव्या हाताची सवय नव्हती. एका घावात झालं नाही, तीन लागले. धड सुटून अंगणभर नाचलं, भिंतीवर, भुशावर, मोतीरामच्या धोतरावर रक्त उडवत फिरलं आणि चुलीच्या राखेत जाऊन पडलं.

मोतीरामच्या हातातली काठी गळाली. दोन्ही हात छातीवर गेले. तो मटकन खाली बसला आणि त्याने तोंड उघडलं, काबरीने शेवटी चोच उघडली होती तसं. डोळे बाहेर आले, ओठ निळसर पडायला लागले. माणूस भीतीने मरू शकतो, आणि त्या क्षणी मोतीराम मरायला बसला होता.

रुखमाबाई त्याच्यासमोर सरकली. तिला दया आली असं कुणी समजू नये. तिला बघायचं होतं.

बऱ्याच वेळाने त्याच्या छातीत खर्र झालं आणि श्वास आत गेला. मग बाहेर आला. मग आणखी एक गेला.

"आला ना?" ती म्हणाली. "कोंबडा मेला, तरी आला. दवाखान्यानं देल्ला होता तो. घ्या आता पोटभर."

मोतीराम रडायला लागला. लहान पोरासारखा, नाक गळेपर्यंत. तिने त्याच्याकडे पाठ केली. तिच्या पाच कोंबड्या उरल्या होत्या. दोघी शिंकत होत्या, तिघी अजून चांगल्या होत्या आणि त्या तिघी राखेतल्या रक्ताकडे निघाल्या होत्या. तिने त्यांना पायाने मागे लोटलं, शिंकणाऱ्या दोघी डालग्याखाली झाकल्या, घरातून दोन धड वाट्या आणि औषधाची पुडी आणली. दातांनी पुडी फाडायला गेली तर दात नुसतेच वाजायला लागले. हाताची कळ आता कुठे डोक्यात चढत होती.

तिने भिंतीकडे पाहिलं.

"दीपमाला, एका हातानं पुडी फुटत नाई मले."

दीपमालाने ज्या तोंडाने नवस बोलला होता ते तोंड घट्ट मिटलेलं होतं. तिने एकदा राखेतल्या लाल दोऱ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, भिंत चढली, जमिनीवर हुंदके देत बसलेल्या नवऱ्याला ओलांडून आली आणि पुडी फोडून तिने विचारलं, पाणी किती घ्यायचं.