कापडी हत्तीचं पोट

"जाण्याआधी हत्तीचं पोट चाचपून घे," सासूबाई म्हणाल्या होत्या.

मी तेव्हा दारात एका पायावर उभी राहून बुटाची नाडी बांधत होते. पाठीवरची सॅक मला मागे ओढत होती आणि लेक जिन्याच्या पायरीवर बसून "चला की, चला की" चा जप करत होती. "हो आई, घेते," मी म्हटलं आणि काही घेतलं नाही. हल्ली त्या असं काहीबाही बोलायच्या. कधी भर दुपारी दिवे लावायला सांगायच्या, कधी चहात दोनदा साखर घालायच्या. त्यातलंच हे एक, असं मी धरून चालले.

हत्ती लेकीचा. राखाडी चादरीच्या तुकड्यातून सासूबाईंनीच हातानं शिवलेला. सोंड एकीकडे कललेली, एक कान चावून चावून मऊ झालेला. लेकीला आम्ही खारूताई म्हणतो, कारण काहीही खायला दिलं की ती अर्धं खाते आणि अर्धं कुठेतरी ठेवून देते. सोफ्याच्या फटीत बिस्किट, माझ्या चपलेत शेंगदाणा. हे मला ठाऊक होतं. म्हणून तर निघण्याआधी मी तिच्या कपड्यांचे सगळे खिसे उलटे करून झटकले होते. हत्तीला खिसा नव्हता.

रानात जाऊन राहायचं वेड नवऱ्याचं. लेक झाल्यापासून तो गेला नव्हता. अधूनमधून गॅलरीत तंबू लावायचा आणि त्यात पेपर वाचत बसायचा. ते बघवेना, म्हणून शेवटी मीच म्हटलं, चल, एक रात्र जाऊ, आई घरी थांबतील. मग मला कळलं की त्या रानात अस्वलं आहेत.

"ती माणसाच्या वाटेला जात नाहीत," तो म्हणाला. "अन्नाच्या वाटेला जातात."

"आणि अन्नाच्या वाटेत माणूस असला तर?"

"तेवढं टाळायचं."

त्यानंतर मी अस्वलांबद्दल जे मिळेल ते वाचून काढलं. परीक्षेच्या वेळी कधी वाचलं नव्हतं इतकं.

गाडी सोडून चालायला लागलो तेव्हा ऊन होतं, पण झाडांच्या आत शिरल्यावर ते हिरवं होऊन पाण्यासारखं हलायला लागलं. पायाखाली सुयांसारख्या पानांची गादी होती. आवाज आमचेच, तेही लांबून आल्यासारखे. लेक बापाच्या खांद्यावर बसून हत्तीच्या कानात काहीतरी सांगत होती. वाट संपली तिथे तळं लागलं. इतकं स्तब्ध, की पलीकडचा डोंगर खरा कुठला आणि पाण्यातला कुठला, हे मला थोडा वेळ ठरवता येईना.

नवऱ्यानं सॅकमधून डबा काढला. बुटक्या पिंपासारखा, जाड काळ्या प्लास्टिकचा. त्याला मूठ नाही, कडी नाही, पंजा अडकेल अशी कुठे जागाच नाही. झाकणाच्या खाचेत नाणं घालून फिरवावं तेव्हा उघडतो.

"हा कोणाचा डबा?" लेकीनं विचारलं.

"अस्वलाचा डबा म्हणतात याला."

"मग त्याला का नाही द्यायचा?"

"कारण दिलेला डबा ते परत आणून देत नाही," नवरा म्हणाला. "तुझ्या आत्यासारखं."

त्यानं सगळं नीट समजावलं. वारा तंबूकडून तळ्याकडे वाहत होता, म्हणून स्वयंपाक खाली, खडकावर. डबा त्याहून बाजूला, मोकळ्या जागी. पाण्यापासून लांब, नाहीतर अस्वल तो लोळवत नेऊन बुडवेल. आणि तंबू या दोन्हींपासून वर, हाक ऐकू जाईल पण वास येणार नाही अशा अंतरावर. ज्याला ज्याला वास आहे ते सगळं डब्यात. फक्त खाणंच नव्हे.

हे काम माझं. टूथपेस्ट घातली, लेकीचं क्रीम घातलं, खोकल्याचं औषध, ओठांना लावायचं मलम, ओले रुमाल. सूप ढवळताना घातलेले कपडे बदलले आणि पिशवीत बांधून डब्याशेजारी नेऊन ठेवले. लेकीचे हात धुतले, तोंड धुतलं, तिची बोटं एकेक करून हुंगली. मग तिच्या मानेत नाक खुपसलं. तिथे तिचाच वास होता, झोपेचा आणि घामाचा. तो कुठल्या डब्यात ठेवणार?

"आता तूच राहिलीस," नवरा म्हणाला. "मावशील का बघ."

मी हसले. सगळं झालं होतं. हत्ती लेकीच्या काखेत होता. त्याच्याकडे मी बघितलंही, पण जसं आपण भिंतीकडे बघतो तसं.

अंधार पडण्याआधीच आम्ही तिघंही झोपलो. रानात झोप वेगळीच लागते. आपण पडलेलो असतो आणि जमीन हळूहळू कुठेतरी चाललेली असते.

पहाटे मला स्वप्न पडलं. मी आमच्या स्वयंपाकघरात उभी होते आणि सासूबाई झाकपाक करत होत्या. रोज रात्री करतात तशी, भांड्यांवर ताटल्या ठेवत, ओटा पुसत. घरभर पांढरं धुकं भरलं होतं आणि त्यांना ते दिसतच नव्हतं. "आ कर," कोणीतरी म्हणत होतं. "अजून एक. शहाणा." मग खजुराचा वास आला. गोड, चिकट, अगदी नाकाशी. स्वप्नात वास येत नाहीत, मी स्वप्नातच म्हटलं आणि जागी झाले.

नवऱ्याची जागा रिकामी होती. तो पाणी आणायला तळ्यावर गेला होता. तंबूत दुधी उजेड होता आणि त्या उजेडात लेक मांडी घालून बसली होती. हत्ती तिच्या मांडीवर उताणा. त्याच्या पोटाची शिवण उसवलेली, आणि ती बोटानं आत चाचपत होती.

"काय आहे गं त्यात?"

"त्याचं जेवण," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी श्वास घेतला.

माणसाचा नव्हे. लांब, ओला, काहीतरी शोधणारा. तंबूच्या कापडावर एक सावली होती. ती मोठी होत गेली, कडा विरघळलेली, धुक्यातूनच तयार झाल्यासारखी. मग कापड आत आलं. थोडंसंच, वाटीएवढं, माझ्या लेकीच्या डोक्याच्या उंचीवर. मागे गेलं, तेव्हा तिथे एक गोल ओला डाग राहिला.

ओरडायचं नाही, पळायचं नाही, शांत जड आवाजात बोलायचं, हे मी वाचलं होतं. काय बोलायचं ते कोणी लिहिलं नव्हतं. मी लेकीला मागे घेतलं, हत्ती तिच्यासकट पोटाशी धरला आणि तोंड उघडलं. तेव्हा सासूबाईंचं रोजचं वाक्य त्यांच्याच चालीत बाहेर पडलं.

"झाकपाक झाली. आता काही मिळायचं नाही. उद्या सकाळी बघू."

सकाळच झाली होती. सावली थांबली.

"आई," लेक हळूच म्हणाली, "त्याला भूक लागलीय."

"लागू दे. झाकपाक झाली म्हणून सांगितलं ना. जा आता. जा बाबा आपल्या घरी."

किती वेळ मी हेच बोलत राहिले, कोण जाणे. मग खालून दोन स्टीलचे मग एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला, आणि नवऱ्याचा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये काढतो तो. "ओ काका, इकडे नाही. पलीकडून रस्ता आहे. ओ काका." सावली कापडावरून सरकली. घर चुकलेल्या पाहुण्यासारखी, घाई न करता. जाता जाता तिनं डब्याला हात लावला असावा, कारण खालून तो गडगडल्याचा आवाज आला. एकदा, पुन्हा एकदा. मग काहीच नाही.

नवरा आत आला. दोन्ही मग अजून त्याच्या हातातच होते.

हत्तीच्या पोटातून मी काढलं ते असं: खजूर, मनुका, चीजचा वाळलेला तुकडा, बिस्किटाचा भुगा आणि सगळ्याला चिकटलेला कापूस.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"आजीनं. हत्तीला रात्री भूक लागते ना. आजीला पण लागते. आजी उशीत ठेवते." मग तिला काहीतरी आठवलं. "आईला सांगायचं नाही. आई काळजी करते."

"पण आजी स्वयंपाकघरात का नाही जात?"

"कडी वर आहे," लेक म्हणाली. तिनं आजीसारखा हात उचलून दाखवला. तो कानापर्यंत गेला आणि तिथे थांबला. "आजीचा हात इथपर्यंतच येतो."

ती कडी आम्ही लेकीसाठी लावली होती. तिला गॅसचं बटण फिरवता यायला लागलं तेव्हा, दाराच्या बाहेरून, अगदी वर, चौकटीला. झाकपाक झाली की रोज मीच ती लावायची. सासूबाईंचा खांदा आखडलाय हे आम्हाला माहीत होतं. त्यासाठी मलमही आणलं होतं. या दोन गोष्टी एका घरात शेजारी शेजारी राहत होत्या, आणि आमच्यापैकी कोणी त्यांची ओळख करून दिली नव्हती.

मग माझा उजवा हात आपोआप वर गेला. त्याला आठवलं, मला नाही. निघताना कप विसळले, दिवा मालवला, दार ओढलं आणि सवयीनं... बोटांना अजून ते गार लोखंड लागत होतं.

"मी कडी लावून आलेय," मी म्हटलं. "काल सकाळी."

नवऱ्यानं हातातले मग खाली ठेवले. "शेजारी हाक मारेल ती."

"आई? आणि काय सांगतील? सून स्वयंपाकघराला कडी घालून फिरायला गेली?"

तो बाहेर गेला आणि तंबूच्या काठ्या उपसायला लागला.

डबा उतारावर झुडपात सापडला. चरे पडले होते, पण झाकण जागच्या जागी. हत्तीच्या पोटातलं सगळं त्यात घातलं. हत्तीही घालायचा होता, पण त्याला श्वास कसा घेता येईल यावरून लेकीनं रडून रान डोक्यावर घेतलं. शेवटी वर त्याला घट्ट कोंबलं आणि नवरा तिला म्हणाला, आत खिडकी आहे.

परतीची वाट मला नीट आठवत नाही. धुकं आमच्याबरोबर चालत होतं. मी फोन हातात उंच धरून चालत होते आणि रेंज येत नव्हती. उंच धरलेल्या त्या हाताकडे बघून मला सारखी कडी दिसत होती. गाडीपाशी रेंज आली. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

घरात शिरलो तेव्हा स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं आणि वरच्या कडीला छत्री लटकत होती, मुठीनं. सासूबाई ओट्याशी बसून सफरचंद चिरत होत्या.

"छत्रीच्या मुठीनं ओढली," त्या म्हणाल्या. "आज सकाळी सुचलं. पण आता ती छत्री काही निघेना."

"आई, फोन का नाही उचललात?"

"सुरी हातात होती."

"आणि काल? काल काय खाल्लंत?"

"काल उशीतलं होतं की." मग त्यांनी नातीकडे बघितलं, तिच्या रिकाम्या काखेकडे बघितलं. "हत्ती कुठाय? पोट चाचपलं होतंस ना?"

मी नाही म्हटलं. आणि सगळं सांगितलं, कापडावरच्या ओल्या डागासकट. त्या सुरी धरून ऐकत राहिल्या. शेवटी खाली बघून म्हणाल्या, "तिच्यापर्यंत आलं होतं म्हणजे."

"हो."

सफरचंदाची एक फोड त्यांनी नातीला दिली, एक मला. "आणि कडी कोणासाठी गं? मला काय अस्वल समजलीस?"

त्या हसल्या, म्हणून मीही हसायचा प्रयत्न केला. नवरा स्टूल घेऊन आला, छत्री सोडवली आणि त्याच स्टुलावर उभा राहून कडीचे स्क्रू काढायला लागला. आता आम्ही झोपताना गॅसचा खालचा कॉक बंद करतो आणि दार उघडं ठेवतो. हत्तीचं पोट सासूबाईंनी पुन्हा शिवलं. मी आधी चाचपून घेतलं.

मी आता घरातून फिरते तेव्हा हात वर करून बघते. कुठलं फडताळ उंच आहे, कुठल्या बरणीचं झाकण फार घट्ट आहे. तुमच्याही घरात असं काहीतरी असेल, तुमच्या हाताला सहज येणारं. आणि एखादं माणूस असेल, जे सगळ्यांच्या आधी "माझं झालं" म्हणून उठतं. त्यांना विचारू नका, ते "सगळं मिळतं" म्हणतील. ते गॅलरीत जाऊन बसले असतील तेव्हा त्यांच्या खोलीत जा, आणि उशी तेवढी एकदा चाचपून बघा.