उलट्या तारा

ताईचं पत्र आठ महिने माझ्या शब्दकोशात पडून होतं. 'डॉक्टर म्हणतात, मला फार तर वर्षभर दिसेल. तेवढ्यात येऊन जा, तुझं तोंड बघायचंय.' 'यंत्र सोडून निघता येत नाही' असं उत्तर मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. वाक्य खरं होतं, तरी लबाड वाटायचं.

यंत्र म्हणजे लसींच्या शीतगृहाचा जुना नियंत्रक. खोल्यांचं तापमान तो जाड केबलीतून एका जुनाट संगणकाला सांगतो, आणि तो संगणक माझ्याशिवाय कुणाला चालवता येत नाही. म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मी रोज, रविवारीसुद्धा, त्या बिनखिडकीच्या खोलीत बसून तासातासाला आकडे उतरवतो.

परवा साहेबांनी वायरलेसचं काम करणाऱ्या बाईंना बोलावलं. केबल काढायची, काडेपेटीएवढी डबी लावायची, की आकडे थेट साहेबांच्या फोनवर. डबीचा दिवा लुकलुकला. फोन कोराच.

"सगळं बरोबर आहे. मग हे मुकं का?" बाई म्हणाल्या.

"आमच्या काकांच्या संगतीत राहिलंय ना!" साहेब माझ्याकडे बघून हसले.

मला कारण ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी दुरुस्ती करताना यंत्रातल्या दोन तारा, आकडे बोलायची आणि ऐकायची, मी एकमेकींच्या जागी जोडल्या होत्या. चूक कळली, पण सांगायचा धीर झाला नाही. गुपचूप केबलीतही तशाच उलटवल्या. उलट्याला उलटं जुळलं, काम चाललं; नव्या डबीच्या तारा मात्र सरळ होत्या. दुरुस्तीच्या वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

बाई पेटी आवरू लागल्या. "फार जुनं आहे हो. राहू द्या. काका आहेतच की."

आधी मला हायसं वाटलं. मग त्या 'आहेतच'नं खोलीचं दार बाहेरून लागल्यासारखं झालं.

"तारा उलट्या आहेत," मी म्हणालो. "यंत्रातल्या. चूक माझी."

"कधीपासून?"

"बावीस वर्षं."

बाईंना हसू फुटलं. "म्हणजे मघापासून यंत्र आणि डबी दोघं नुसती बोलतायत, ऐकतंय कोण!"

त्यांनी दोन तारांची अदलाबदल केली. साहेबांच्या फोनवर आकडा उमटला: चार अंश.

"बरं काका, उद्या जरा लवकर—" साहेब सवयीनं म्हणाले.

"उद्या नाही," मी म्हणालो.

घरी जाऊन एकच ओळ लिहिली: 'ताई, गुरुवारी पोचतो.' पुन्हा वाचली असती तर फाडली असती. न वाचताच पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं.