चाळिसाव्याचा कागद

“आला बघ परत. रोज सकाळी आठला, न चुकता,” त्सोंका काकू म्हणाल्या आणि खुर्ची मागे सरकवून कॉम्प्युटरपासून लांब झाल्या.

पडद्यावर काळ्या चौकटीचं शोकपत्रक उघडलं होतं. मृताचं नाव, ल्युबेन स्तामोव. तारीख आजची. काकूंनी नुसता प्रोग्राम उघडला होता, एक अक्षरही टाइप केलं नव्हतं.

काकूंचं छपाईचं दुकान आमच्या व्रात्सा गावाच्या स्मशानाच्या फाटकाशी आहे. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं पत्रक दारावर, बसथांब्यावर लागतं. चाळिसाव्या दिवशी पुन्हा लागतं. ती पत्रकं जुळवणारा प्रोग्राम ल्युबेनने आणि मी बावीस वर्षांपूर्वी लिहिला. उद्या ल्युबेनचाच चाळिसावा होता.

“मी मेणबत्ती लावली. पाद्र्यालाही विचारलं,” काकू म्हणाल्या. “तो म्हणाला, कॉम्प्युटरवाल्याला बोलाव.”

“शहाणा आहे पाद्री.”

“थट्टा नको, रुमेन. त्याला काहीतरी हवंय. जरा खाली सरकव.”

मी सरकवलं. तळाशी ‘शोकाकुल’ या शब्दापुढे माझं नाव होतं. रुमेन क्योसेव.

“सगळ्या गावाच्या दारांवर त्याचा कागद लागला,” काकू म्हणाल्या, “तुझ्या दारावर नाही. तुझा सख्खा दोस्त ना तो?”

माझं नि ल्युबेनचं भांडण ऐकून लोक हसतील. प्रोग्राम सुरू करताना प्रोग्रामच्या नावापुढे काही सूचना लिहिता येतात. त्या वाचायचा भाग ल्युबेनचा. कुणी चुकीचं, अर्धवट लिहिलं तरी त्याचा कोड सांभाळून घ्यायचा. मी म्हणायचो, ही काय धर्मशाळा आहे? तो म्हणायचा, “अरे, काकूंना धड दिसत नाही, त्यांना कशाला दटावतोस?” एवढ्यावरून तीन वर्षं अबोला. दवाखान्यातून त्याने मला तीनदा फोन केला. मी उचलला नाही. तो गेला आणि आठवड्याभरात मी त्याचा तो भाग उपटून माझा बसवला. ते दुःख होतं की सूड, मला अजून सांगता येत नाही.

प्रोग्राम सुरू करायला काकू रोज दाबतात तो शॉर्टकट मी उघडून पाहिला. प्रोग्रामच्या नावापुढे ल्युबेनने दोन सूचना लिहिल्या होत्या. मदत: ल्युबेन स्तामोव. तो नसेल तर: रुमेन क्योसेव. काकू अडल्या की कुणाला फोन करायचा ते प्रोग्रामच्या खिडकीत तळाशी नंबरासकट दिसावं, एवढ्यासाठी. माझा भाग बसवताना या दोन्ही सूचना मीच रद्द केल्या होत्या. माझा कोड त्या गाळत होता, पण त्यांच्यापुढची नावं तशीच उरत होती. आणि सुटं उरलेलं पहिलं नाव मृताचं, दुसरं शोक करणाऱ्याचं धरायचं, हेही मीच लिहून ठेवलं होतं. शिस्तीच्या गप्पा मारणाऱ्याची ही अक्कल.

“भूत नाही, काकू. माझी चूक आहे.”

“मग पुस ती.”

पुसायला गेलो आणि तारीख दिसली. शॉर्टकटमध्ये शेवटचा बदल गेल्या वर्षी मार्चमध्ये झाला होता. तेव्हा आम्ही रस्त्यात समोर आलो तरी मान फिरवत होतो. आणि हा माणूस इथे बसून, तो नसेल तर, यापुढे माझं नाव घालत होता. मला रडू आवरेना. काकूंनी रुमाल दिला नाही, रडू दिलं.

“छापा,” मी म्हणालो.

“किती?”

“एक. माझ्या दाराला.”

त्याच दुपारी मी ल्युबेनचा कोड परत बसवला, एक अक्षर न बदलता. घरी जाऊन कागद दाराला चिकटवला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. पहिल्याच घंटीला उचलला.

“आज नाही आला तो,” काकू म्हणाल्या. आवाज जरा पडलेला होता. “पण प्रिंटर अडकलाय रे. खाली दोन नंबर दिसतात. पहिला लावून बघितला, लागत नाही.”

“हो.”

“म्हणून दुसरा लावला.”

“येतो,” मी म्हणालो.