घराण्याची गाडी आणि चार लिंबं

मालोजीरावांच्या मते गाडी दुरुस्त करणं फायद्याचं होतं. मालोजीरावांच्या मते तंजावरचं राज्यही अजून पुरतं गेलेलं नव्हतं. त्यामुळे ऊर्मीने नवऱ्याचं मत ऐकलं आणि फोडणीत मोहरी टाकली.

"पंचवीस लाख घालायचे, चाळीसची वस्तू होते. सरळ हिशेब, इल्लैया?"

"चाळीसला घेणार कोण?"

"घेणार म्हणजे? विकायची कुणी? अय्यो, घराण्याची वस्तू ती!"

म्हणजे नफा विकली तरच, आणि विकायची नाही. तीस वर्षं बँकेत लोकांचे कर्जाचे अर्ज नाकारले, पण इतका निर्लज्ज प्रस्ताव ऊर्मीपुढे कधी आला नव्हता. तो आणणारा घरातच जेवत होता.

पंचवीस लाख म्हणजे तिची ठेव. नुंगंबाक्कमच्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर जायला राखलेली. तिचे गुडघे आणि ती गाडी साधारण एकाच वयाचे. फरक इतकाच की गुडघे रोज चालत. पण ठेव दोघांच्या नावावर, मोडायला दोघांच्या सह्या.

गाडी सासऱ्यांची. विलायती, उघडी, दोन सीटची. सासरे शोलावरमच्या शर्यतीत तिसरे आले होते. गाड्या किती धावल्या, हे विचारायची घराण्यात पद्धत नव्हती. पुढे समुद्राकाठच्या एन्नोरला, मालोजीरावांचा चुलतभाऊ सेतुमाधव याच्या शेडमध्ये तिची रवानगी झाली, आणि उरलेली शर्यत खाऱ्या वाऱ्याने जिंकली.

रविवारी तिघं शेडमध्ये उभे राहिले. मालोजीरावांनी ठेव मोडायचा फॉर्म आणून ऊर्मीच्या हातात दिला होता, कापूर आणला होता आणि गाडी हलताना चाकांखाली चिरडायला चार लिंबंही आणली होती. चाकं मात्र नव्हती. ती सेतुमाधवने केव्हाच कुणाच्या मासळीच्या गाड्याला लावायला दिली होती. गाडी विटांवर होती. मालोजीराव डगमगले नाहीत. त्यांनी विटांपुढे लिंबं ठेवली, कापूर लावला आणि हात जोडले. विटा हलल्या नाहीत.

"सेतु, फोटो काढ," म्हणत त्यांनी दार उघडलं. दार हातात आलं. ते भावाकडे देऊन मालोजीराव थाटात सीटवर बसले.

सीट खाली गेली. तळाचा पत्रा बिस्किटासारखा फुटला आणि घराण्याचे वारस थेट एन्नोरच्या वाळूवर टेकले. स्टिअरिंग नाकापाशी आलं. त्यांनी ते सोडलं नव्हतं.

"अण्णा," दार छातीशी धरून सेतुमाधवने विचारलं, "फोटो काढू का?"

"थोडा पत्रा घालावा लागेल," खालून आवाज आला. "दोनेक लाख वाढतील. ऊर्मी, तुझी सही झाली ना?"

ऊर्मीने वाकून एकेक करत चारही लिंबं उचलली, दाबून पाहिली, पर्समध्ये टाकली. रसाची होती. गाडीतून वसूल होणारं एवढंच होतं.

"हात तरी दे."

"वाकवत नाही हो. गुडघे," ती म्हणाली आणि सहीविना फॉर्म घडी करून त्यांच्या खिशात खोचायला पुन्हा छान वाकली. "तळमजला घेतला की बघू."