आईची अडलेली ओळ

प्रयोग संपला तेव्हा कलामंडपातली माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या थांबेनात. इथेलने घामेजल्या कपाळाने मान लववली. तासभर त्याने एकच केलं होतं. पठणाच्या स्पर्धेत शाळकरी मुलगी उभी राहते तसे हात मागे बांधून तो जुनी वेल्श कविता म्हणायला लागायचा, चौथ्या कडव्यात अडकायचा, गप्प व्हायचा. फार वेळ गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेर आयस्टेथवोदची, वेल्श गाण्या-कवितांच्या त्या जत्रेची, गर्दी चिखल तुडवत होती, कुठे बँड वाजत होता, आणि आत माणसं श्वास रोखून बसली होती.

ती अडलेली मुलगी म्हणजे त्याची आई, नेस्ट. इथेल लहान असताना चॅपलमध्ये गाता गाता चुकला आणि घरी येऊन रडला, तेव्हा तिने सांगितलं होतं: मीपण अडले होते रे एकदा, आयस्टेथवोदच्या मोठ्या स्टेजवर. होतं असं. माणसं चांगली असतात, टाळ्या वाजवतात. ती आठवण त्याने वर्षानुवर्षं जपली होती. त्या आठवणीवर प्रयोग बसवलाय हे मात्र आईला सांगितलं नव्हतं. म्हटलं, समोर बसूनच बघू दे.

ती तिसऱ्या रांगेत होती, शेजारच्या तेगवेनबाईंबरोबर. मध्येच तेगवेनबाई तिच्या कानाशी लागल्या, तेव्हा आई हसली होती. इथेलने स्टेजवरून ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं.

तेगवेनबाई पुढे गायनाला थांबल्या. आई गाडीत जाऊन बसली होती, गमबूट काढून.

"आवडलं का?" त्याने विचारलं.

"गाडी काढ."

"तेगवेनबाई काय म्हणत होत्या?"

"म्हणाली, अगं नेस्ट, ही तर तूच. मान वाकडी करायची खोडसुद्धा उचललीय म्हणे पोराने."

"मग?"

आई समोरच्या काचेकडे बघत राहिली. "तू गप्प उभा राहतोस ना, ते फार देखणं दिसतं. तसं नव्हतं ते. मला लघवी झाली होती, इथेल. स्टेजवर. पांढऱ्या मोज्यांवरून खाली. पुढच्या रांगेतली पोरं हसायला लागली. माझे वडील टोपी घालून मंडपाबाहेर गेले. घरी जाताना मला गाडीची खिडकी उघडी ठेवायला लावली."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू रडत होतास तेव्हा हे सांगायचं होतं का?"

त्याचे कान तापले. आणि त्याच क्षणी, नको असताना, त्याच्या डोक्यात येऊन गेलं: पांढरे मोजे. उद्याच्या प्रयोगात पांढरे मोजे हवेत. विचार आला तसा त्याने झटकला, पण आईने तेवढ्यात मान वळवली होती.

"आता तेही घालशील त्यात."

"नाही गं आई! वेडी आहेस का?"

"तुझ्या तोंडावर दिसलं मला," ती म्हणाली.

सकाळी आई उठायच्या आत तो मैदानावर गेला आणि मंडप सांभाळणाऱ्या लोरीला म्हणाला, की आजचा प्रयोग होणार नाही, पुढेही नाही.

"अरे, पण लोकांना काय सांगू?"

"काहीही सांग."

दुपारी परतताना त्याला हलकं वाटत होतं. आई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती.

"एवढ्यात आलास?"

"बंद केला प्रयोग. कायमचा."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "कोणाला विचारून?"

"मला वाटलं, तुला..."

"तुला वाटलं! कालही तुलाच वाटलं, आजही तुलाच. अरे, तेगवेन गावभर सांगणारच होती. म्हटलं, त्यापेक्षा सगळ्यांनी बघून यावं आणि विषय संपावा. सकाळी तू गेल्यावर मीच एकेकीला फोन केले. माझ्यावर केलंय माझ्या मुलाने, जाऊन या म्हटलं. चॅपलच्या सगळ्या जणी बस करून गेल्यात."

इथेल समोर बसून वाटाणे सोलू लागला. तिने नको म्हटलं नाही.

संध्याकाळी बस दारातच थांबली. तेगवेनबाई उतरून आल्या. आई पुढे झाली.

"काय गं, बरं नाही का त्याला? आम्ही तिथवर जाऊन परत आलो."

"पोट बिघडलंय."

"की तूच नको म्हणालीस?" तेगवेनबाईंनी आवाज खाली आणला. "एवढं काय लावून घ्यायचं नेस्ट, जुनी गोष्ट ती."

आता इथेलला आत थांबवेना. तो दारात आला. "आईचा काही संबंध नाही. मीच बंद केला."

"असं? का रे?"

बसच्या खिडक्यांतून बाया बघत होत्या. त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की खरं कारण सांगायचं तर गाडीतलं सगळं सांगावं लागेल. आई त्याच्याकडे बघत नव्हती. ती पायरीकडे बघत होती आणि तिची मान लालबुंद झाली होती.

"पोट," तो म्हणाला. "पोटच बिघडलंय."

तेगवेनबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जप हो," म्हणाल्या, आणि बसकडे वळल्या.