नमुन्याच्या करंज्या

भावनाने काट्यावर ठेवलेली करंजी बेचाळीस ग्रॅम भरली. तिने काटा शून्यावर आणून दुसरी ठेवली. एक्केचाळीस. तिसरी चव्वेचाळीस. पाकिटावरच्या लेबलात मात्र छापलं होतं : एक नग सुमारे साठ ग्रॅम, कर्बोदके तेहतीस ग्रॅम.

अमरावतीतल्या तिच्या महिला गटाच्या संत्रा करंजीचं लेबल तिनेच तयार केलं होतं. अकोल्याच्या एका खासगी प्रयोगशाळेने चार महिन्यांपूर्वी नमुना तपासून दिला आणि अहवालातले आकडे दोनदा ताडून पाहूनच तिने ते छापायला टाकले. आज एका दुकानदाराने पाकिटात नग किती असतात ते विचारलं, म्हणून ती काटा घेऊन बसली होती. अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात चार बसायला हवेत. सहा बसत होते. पाकीट वजनावर भरलं जायचं, नग कोणी मोजत नव्हतं.

तिने एक करंजी मधोमध मोडली. तळाला चमचाभर संत्र्याचं सारण, वर नुसती पोकळी.

"मैनाबाई, सारण एवढंच भरता?"

मैनाबाई कढईपाशी होत्या. वय पासष्ट, गटातला सगळ्यात जुना हात. झाऱ्यावरचं तेल निथळत त्या म्हणाल्या, "मंग किती भरू? जास्त भरलं का फुटते तेलात. अख्खा घाणा नासते."

"आणि तपासायला पाठवल्या त्यात?"

"त्या येगळ्या. त्या दाबून भरल्या, खवाबी टाकला. फुटू नाही म्हणून एकएक करंजी झाऱ्यावर धरून तळली. परक्याच्या टेबलावर जाऊन राहिल्या होत्या, तिथं पोकळ करंजी धाडतात का व? लोक नावं ठेवतीन."

भावनाला राग यायलाही वेळ मिळाला नाही. सकाळी प्रतीक्षाच्या डब्यात तिने याच करंज्या दोन ठेवल्या होत्या.

प्रतीक्षा तिची मुलगी, पंधरा वर्षांची. नवव्या वर्षापासून तिला इन्सुलिन लागायचं. ताटातली कर्बोदकं मोजायची, अकरा ग्रॅमला एक युनिट, मग सुई आणि मग घास. आकडा नसलेली वस्तू तोंडात घालायची नाही, हा नियम भावनाचाच. त्या नियमापायी सहा वर्षांत पोरीने दिवाळीतसुद्धा करंजी खाल्ली नव्हती. आता आकडा होता, तोही आईने छापलेला. दोन करंज्यांचे सहासष्ट ग्रॅम, म्हणजे सहा युनिट. खरे असतील फार तर चाळीस. त्याला चारसुद्धा लागत नाहीत. शिवाय तळलेल्या पदार्थातली साखर रक्तात उशिरा उतरते. सुईतलं औषध थांबत नाही, रक्तातली साखर उतरवत जातं; फार उतरली की माणूस बेशुद्ध पडतो.

घड्याळात दहा पन्नास झाले होते. प्रतीक्षा अकोल्याला संघपालमामाकडे निघाली होती, एकटीने पहिल्यांदाच. सव्वानऊची बस. 'मूर्तिजापूरला गाडी थांबली की खाईन,' म्हणून गेली होती.

भावनाने फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. परत लावला. तेच. आवाज बंद करून बॅगेत टाकायची पोरीला सवय होती.

तिसरा फोन तिने मूर्तिजापूरच्या गजेंद्रला लावला. बसस्थानकावरच्या त्याच्या टपरीत गटाची पाकिटं असायची.

"गजेंद्रभाऊ, अमरावतीहून अकोल्याची गाडी आली का?"

"आली आन् गेलीबी ताई. दहा मिनिटं झाले. काऊन, माल धाडला का? माह्याकडचा संपतच आला."

"माझी पोरगी आहे तिच्यात. चष्मा, जांभळी बॅग."

"चष्मेवाली? पाण्याची बाटली नेली तिनं. खिडकीत डब्बा उघडून बसली होती. मी म्हटलं, पोरी, माह्या दुकानातल्याच करंज्या खाऊन राहिली का, तं हासली."

"दोन्ही खाल्ल्या?"

"आता ताई, मी मोजत बसलो का?" मग त्याचा आवाज बदलला. "काही झालं का?"

तिने दोन वाक्यांत सांगितलं.

"कंडक्टर बंडू हाये. रोज माह्याकडं च्या पेते. घ्या नंबर."

भावनाने आकडे लिहून घेतले. मैनाबाईंनी गॅस बंद केला. कढईतली करंजी तेलातच राहिली.

बंडूने चौथ्या रिंगला उचललं. गाडी बोरगाव मंजूच्या अलीकडे होती. "उभी भरली हाये बाई. कोण म्हणता तुमी?"

भावनाने परत सांगितलं, सावकाश. मग फोनमधून इंजिनाची घरघर आली आणि 'सरका, सरका मामा, पाय घ्या.' बराच वेळ तेवढंच.

"दिसली. झोपली हाये."

"झोपलेली नाही. हलवा. नाव विचारा तिला."

"ए पोरी... बाई, घामानं ओली झाली हे. नाव विचारलं तं म्हणते, तिकीट दाखवलं ना एकदा."

"बॅगेच्या पुढच्या खिशात ग्लुकोजची पुडी आहे. ताठ बसवा. आधी एक घोट पाणी द्या, गिळते का बघा. गिळलं तरच पावडर पाण्यात कालवून पाजा."

"ढकलते ना मले. नको म्हणते."

"म्हणू द्या. पाजा."

एका बाईचा आवाज आला : 'आण इकडं, मले पाजू दे.' मग काहीच ऐकू येईना. भावनाने घड्याळ पाहिलं. अकरा सहा. पंधरा मिनिटं थांबायचं असतं, हे तिला पाठ होतं. फोन तिने कानावरून काढला नाही. बंडू मधूनमधून सांगत राहिला : अर्ध पेली. सगळं पेली. डोळे उघडे हायेत.

अकरा बावीसला दुसरा आवाज आला. "आई, काय सांगितलं तू या काकाले? सगळी बस माह्याकडे पाहून राहिली."

"बोट टोचून बघ. आत्ता."

थोडा वेळ गेला. "ब्याऐंशी." सत्तरच्या वर, म्हणजे सावरली होती. "आई, सहाच युनिट घेतले होते मी. लेबलवरूनच. चुकलं का माझं मोजताना?"

"नाही. तू बरोबर मोजलंस." भावनाने मोडलेली करंजी बाजूला सारली. "आकडा माझा चुकला. अकोल्यापर्यंत फोन हातात ठेव."

संघपालला तिने कळवलं : स्टँडवर आत्ताच जाऊन उभा राहा, आणि संध्याकाळपर्यंत दर तासाला तपास. तळणातली साखर मागून चढेल. मग गजेंद्रला फोन केला.

"उतरली बापा साखर ठिकाणावर?"

"उतरली नाही, चढली. बरी आहे. भाऊ, आपली पाकिटं काढून घ्या. एकही विकू नका."

"काऊन? वास लागला का मालाले?"

"माल चांगला आहे. लेबल खोटं आहे."

अशी आणखी दहा दुकानं होती. सगळ्यांशी बोलून होईपर्यंत दीड वाजला. दोघांनी विचारलं, मग नुसतं लेबल फाडून विकू का? ती नाही म्हणाली. कोणाच्या घरी असं मोजून खाणारं पोर आहे, ते तिला ठाऊक नव्हतं.

मैनाबाई इतका वेळ पाटावरून उठल्या नव्हत्या. "आमी चांगल्या धाडल्या, ते चूक झाली का?"

"रोजच्या धाडायच्या होत्या."

"कोणी सांगतलं का तसं?"

भावनाने खरंच सांगितलं नव्हतं. 'नमुना पाठवायचा आहे, नीट करा,' एवढंच ती म्हणाली होती.

तिने सकाळच्या घाण्याचं ताट पुढे ओढलं आणि वरच्या कोपऱ्यापासून ओळीने करंज्या डब्यात भरायला घेतल्या, न निवडता. डबा उद्या अकोल्याच्या प्रयोगशाळेत परत तपासायला जाणार होता. सातवी करंजी कडेला उकललेली होती, सारण करपून बाहेर आलेलं. मैनाबाईंचा हात आपोआप पुढे झाला, त्यांनी ती उचलली आणि चांगली दिसणारी शोधायला ताटावरून नजर फिरवली.

मग त्या थांबल्या. फुटकी करंजी त्यांनी परत डब्यात ठेवली, होती तिथंच.

"आन् हे फुटकी कोणाले दिसली तं?"

"दिसू द्या," भावना म्हणाली, आणि आठवी उचलली.