चारी बाजूंना उत्तर

"निसर्गासारखा वाटाड्या नाही! ज्याला झाडं-पाखरं वाचता येतात, तो जन्मात वाट चुकत नाही," असं पेंटरकाकांनी हात उंचावून जाहीर केलं. ज्या आडव्या पडलेल्या झाडापाशी हे जाहीर झालं, तिथे ते दोघे तिसऱ्यांदा येऊन पोचले होते.

पाट्या रंगवण्यात काकांची हयात गेली. गावभर त्यांचेच बाण. लोक ते बघून बिनचूक दवाखाना गाठत. पण आज सोबत होते दातांचे डॉक्टर, लेकीने पसंत केलेल्या मुलाचे वडील. पोरांचं जमलं होतं, घोडं अडलं होतं डॉक्टरांच्या होकारावर. 'रानात जरा मोकळेपणी बोलू' म्हणून काकांनी त्यांना आणलं, आणि मोकळेपणा इतका झाला की वाटसुद्धा उरली नाही.

"घर उत्तरेला, आणि शेवाळ धरतं उत्तरेच्या अंगाला," म्हणत काकांनी एका खोडाला प्रदक्षिणा घातली. मग उलटी घातली.

"काय म्हणतंय झाड?"

"चारी बाजूंना उत्तर आहे, डॉक्टर."

"आणि आपल्या प्रश्नाला?"

"त्याला नाही."

मग मुंग्या सापडल्या. "बघा, निघाल्या घरी!" काका हरखले. निम्म्या समोरून परत येत होत्या. तेवढ्यात डोक्यावरून पाखरांचा थवा गेला. काका त्याच्यामागे धावले, थवा वळला तसे वळले. थवा गिरकी घेऊन निघाला तिथेच येऊन बसला.

"त्यांचंही आपल्यासारखंच दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

पलीकडून एक सायकलवाला चालला होता.

"त्याला विचारू या?"

"छे! विचारायचं काय त्यात?"

सायकलवाला दिसेनासा झाला. काकांनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला. कुठली उत्तर नि कुठली दक्षिण, काही कळेना. लेकीचं लग्न आपण या झाडीत हरवलं, एवढं मात्र कळत होतं.

डॉक्टर थांबले. "माझा होकार आहे."

"आं? वाट चुकवली म्हणून?"

"आमचे चिरंजीवही जीव गेला तरी कुणाला रस्ता विचारत नाहीत. अशा माणसाबरोबर राहायला सवय असावी लागते हो. तुमच्या मुलीला ती लहानपणापासून असणार."

ही स्तुती की शालजोडीतला, काकांना काही उमगेना. तरी डोळे भरून आले.

"व्याही!"

"हो, व्याही. आता तेवढा माझा हात सोडता का? मघापासून नाकाला खाज सुटलीय."